बाप एक, वाढ निरनिराळी

प्रश्न : आमच्याकडे १६ उस्मानाबादी शेळ्या आणि तीन वर्षांपूर्वी बाजारातून आणलेला एक बोकड आहे. जून-जुलैत जन्मलेली करडे तीन महिन्यांची झाली. काही ११ किलोंच्या पुढे गेली, काही ७ किलोंवरच अडकली. बोकड बदलावा का? (एक वाचक, लातूर जिल्हा)

उत्तर : बदलावा लागेलच, पण ७ किलोंच्या करडांचा राग त्याच्यावर काढू नका. निम्मे गुण बापाचे, निम्मे आईचे. शिवाय दूध आईचेच, त्यामुळे तीन महिन्यांपर्यंत तिचे पारडे जड असते.

आधी नोंदवही घाला : नर की पाट (मादी करडू), एकटे की जुळे, शेळीचे कितवे वेत, जन्मतारीख. जन्मल्यावर २४ तासांत वजन घ्या, मग दर महिन्याला सकाळी दूध पाजण्याआधी. ताणकाट्याला पिशवी अडकवून करडू आत ठेवायचे आणि पिशवीचे वजन वजा करायचे. समजा, एकटा नर २.५ किलोंचा जन्मला आणि ९० दिवसांत ११.५ किलोंचा झाला, तर रोजची वाढ १०० ग्रॅम. जुळ्यातली पाट १.९ वरून ७.३ किलोंवर गेली, तर ६० ग्रॅम. या दोघांची तुलना करून बोकड पारखता येत नाही. जुळ्या पाटीशी जुळी पाटच लावून बघा. आणि हिशेब शेळीमागे करा : जुळ्यांचे मिळून साडेचौदा किलो, एकट्याचे साडेअकरा. ‘लहान करडे देते’ म्हणून विकलेली शेळी बहुधा कळपातली चांगली शेळी असते!

जुळी-जुळीतही फरक दिसला, तर मागे एप्रिल-मेमध्ये बघा. गर्भाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होते आणि तुमच्या शेळ्यांचे ते दिवस ऐन चाराटंचाईत गेले. त्या काळात गाभण शेळीला चाऱ्याशिवाय रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक हवाच. जन्मल्यावर तासाभरात चीक, पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका : २ किलोंच्या करडाला २०० मिली, तीन-चार वेळा विभागून. जुळ्यांतले दुबळे मागे पडते. त्याला धरून पाजा.

पावसाळ्यात ओल्या गोठ्यात तीन आठवड्यांपुढच्या करडांना कॉक्सिडिया हा आतड्यातला सूक्ष्म परजीवी गाठतो. शेपटीखाली पातळ लेंडी चिकटलेली, पाठ वाकलेली, केस उभे. आतड्याचे अस्तर बिघडल्याने हगवण थांबली तरी वाढ मागेच राहते. जंताचे औषध यावर चालत नाही. लेंड्या दवाखान्यात तपासून मगच औषध द्या, जागा कोरडी ठेवा, गव्हाण उंच बांधा.

आता बोकड. तीन वर्षांत त्याच्या पाटी माजावर येऊन त्याच्याकडूनच गाभण राहिल्या असणार. अशा नात्यातली करडे वजनाने कमी आणि मरतुकीला जास्त. दर दोन वर्षांनी बोकड बदला. नवा दुसऱ्या कळपातला, जुळ्यातला आणि ज्याच्या आईची नोंद आहे असा घ्या.

प्रश्न : वाढीसाठी थेट बोअर बोकड लावला तर? (एक वाचक, बीड जिल्हा)

उत्तर : बोअर दक्षिण आफ्रिकेची, मांसासाठी निवडलेली जात. वाढीचे गुण ती देईल, पण त्यासाठी लागणारा चारा तुम्हालाच द्यावा लागेल. बांधावरच्या चाऱ्यावर तो फरक फारसा उठून दिसत नाही. पहिल्या वेताच्या लहान पाटींना मात्र हा बोकड लावूच नका. करडू मोठे असले की अडते.