टॉरेंट आणि तहान

प्रश्न असा आला आहे: 'टॉरेंट फाइल' म्हणजे नेमकं काय, आणि तिच्यातल्या 'मेटाडेटा'ला, म्हणजे मूळ फाइलीविषयीच्या माहितीला, मराठीत काय म्हणावं?

"काल एक टॉरेंट बघितला, भारी होता!" हे ऐकून कान किटलेत. टॉरेंट बघता येत नाही. मोठी फाइल लोक इंटरनेटवर एकमेकांकडून तुकड्यातुकड्यांनी घेतात, आणि टॉरेंट फाइल ही त्या तुकड्यांची नुसती यादी. त्या फाइलीत सिनेमा नसतोच. लिनक्स या संगणकप्रणालीची 700 एमबीची सीडी घ्या. 256 केबीचा एक, असे तिचे 2800 तुकडे होतात. फाइलीत असते ती प्रत्येक तुकड्याची 20 बाइटांची खूण, म्हणजे सगळ्या मिळून 56,000 बाइट. जोडीला नाव, आकार आणि बहुधा ट्रॅकरचा, म्हणजे तुकडे कोणाकडे मिळतील ते सांगणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता. कुणा अनोळखी माणसाकडून आलेला तुकडा खुणेशी जुळला नाही, की सॉफ्टवेअर तो फेकून देतं. झालं. एवढंच तिचं काम.

आता खरी मजा. ब्रॅम कोहेनने 2001 साली बिटटॉरेंट, म्हणजे तुकडे वाटून घेण्याची ही पद्धत, आणली, तेव्हापासून आपले लोक टॉरेंटचा अर्थ 'लोंढा' सांगून मोकळे होतात. पण मूळ लॅटिन धातू 'तोर्रेरे' म्हणजे भाजणं, सुकवणं! तो आपल्या 'तृष्'चा सख्खा भाऊ. तृष्णा, प्राकृतात तण्हा, मराठीत तहान. इंग्रजीतले 'थर्स्ट' आणि 'टोस्ट'ही याच घरातले.

मग सुकण्यातून पाणी कसं आलं? बहुतेक कोशकार सांगतात: भाजणारं, मग उकळणारं, मग उसळत धावणारं पाणी. मला हे अजिबात पटत नाही. भूमध्य समुद्राकाठचे ओढे उन्हाळ्यात ठणठणीत कोरडे असतात आणि पाऊस पडला की फुफाटत येतात. इटालियनमध्ये 'तोर्रेन्ते' आजही अशाच हंगामी ओढ्याला म्हणतात. समोर कोरडं पात्र असताना उकळत्या पाण्यापर्यंत जायचं कशाला? ज्यावरून टॉरेंट आला तो लॅटिन शब्द 'तोर्रेन्स' म्हणजे सुकणारा ओढा, असंच माझं ठाम मत आहे.

आणि बिटटॉरेंटला तो अर्थ किती चपखल बसतो पाहा! पूर्ण फाइल असलेले सीडर एकेक करून निघून गेले, आणि उरलेल्यांकडे मिळून सगळे तुकडे नसले, की 97 टक्क्यांवर डाउनलोड अडकतं ते अडकतंच. खुणांची फाइल आपल्याकडे शाबूत असते, पण तुकडे द्यायला कोणी नसतं. लोक अशा टॉरेंटला 'मेलेला' म्हणतात. 'आटलेला' म्हणा! कोणी सीडर परत आला तर तो पुन्हा वाहू लागतो.

मेटाडेटाला 'तपशील' म्हणा, पुरे आहे.