भाड्याच्या घराची लादी: प्रश्नोत्तरे

प्रभादेवीचा थ्री बीएचके भाड्याने द्यायचा आहे. एजंट म्हणतो, इटालियन मार्बल टाका, भाडेकरू वरच्या दर्जाचा मिळेल. टाकू का?

भाडेकरू मिळेल हो, पण तोही सोलकढी पिणारच! मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, कोकम, व्हिनेगर, संडास धुवायचं अ‍ॅसिड, काहीही सांडलं की चकाकी उडते. मी पाहिलेल्या एका घरात ओट्यासमोर पातेल्याच्या बुडाएवढं मंद वर्तुळ होतं. मालकीणबाई ते घासून घासून थकल्या. निघणार कसं? तो डाग नव्हताच, तिथला दगडच खाल्ला गेला होता. उपाय एकच, डायमंड पॉलिश. तेही घर रिकामं ठेवून, म्हणजे तेवढ्या दिवसांचं भाडं बुडालं.

तुम्ही दोन बाय चार फुटी व्हिट्रिफाइड (खूप तापवून घट्ट केलेली टाइल) घ्या. ती जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते. दुकानात तुटका तुकडा मागून त्याची कड बघा. तिचे दोन प्रकार. डबल चार्जमध्ये रंगाचा थर दोन-तीन मिलिमीटर जाड दिसतो. जीव्हीटीत (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल) छपाई आणि वर काचेसारखा पातळ थर. सोफा ओढला की हाय ग्लॉसवर ओरखडे उठतात, त्यामुळे जीव्हीटी घ्यायचीच तर मॅट घ्या. सांधे इपॉक्सीने (राळेच्या ग्राउटने) भरून घ्या. साध्या सिमेंटच्या ग्राउटमध्ये हळद मुरते. आणि त्याच बॅचची एक पेटी माळ्यावर ठेवा, नंतर शेड जुळत नाही.

बेडरूममध्ये लाकडी लूक हवा आहे. लॅमिनेट चालेल?

खिडकीतून पावसाची झड येत असेल किंवा एसी गळत असेल, तर नको. लॅमिनेटच्या पोटात दाबलेला लाकडाचा भुसा असतो. सांध्यातून पाणी शिरलं की कडा फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. एसपीसी (स्टोन प्लास्टिक कॉम्पोझिट) फळ्या घ्या. चुनखडीची पूड आणि पीव्हीसी, पाण्याने फुगत नाही. मात्र खालची जमीन सपाट हवी, नाहीतर लॉक तुटतात. (फळ्या एकमेकींत अडकतात त्या खाचा म्हणजे लॉक.)

दादरच्या जुन्या इमारतीत मोझॅकवरच नवी टाइल चिकटवू का?

आधी मोझॅकला पॉलिश मारून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. नवी टाइल म्हणजे चौरस मीटरला वीस-पंचवीस किलो जादा भार. सोसायटीची परवानगी घ्या. शिवाय सगळी दारं खालून तासावी लागतील.

बाथरूमला काय?

मॅट, अँटीस्किड. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता देण्याआधी एक बादली ओता आणि पाणी जाळीकडे पळतं की दाराकडे ते उभं राहून बघा.