जपानीची वही देवनागरीत

प्रश्न : माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन महिन्यांपूर्वी जपानीचा क्लास लावला. वही सगळी देवनागरीतच. 'आधी बोलायला येऊ दे, लिपी नंतर बघू' म्हणते. तिकडे तीन लिप्या आहेत म्हणे. हे बरोबर चाललंय का? – एक आई, सातारा

ताई, उच्चार आधी पक्के करायचे, हे तिचं बरोबर आहे. मराठी मुलीला त्यात बरंच आयतं मिळतं. जपानी 'त्सु'शी हिंदी बोलणारी मुलं झगडतात. आपल्या 'चूल'मधला च जवळपास तोच. तीन लिप्यांपैकी आधी शिकायची ती हिरागाना. तिचा तक्ताही ओळखीचा वाटेल. आ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म... बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासाचा ठसा आहे त्यावर. आणि शब्दातला सुटा 'न्' म्हणजे आपला अनुस्वारच. वर्तमानपत्राला 'शिंबुन' म्हणतात. तिथे तो 'आंबा'तल्यासारखा म् होतो.

गडबड आहे ती वहीत. देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ इ-उ आहेत, ओ मात्र एकच. जपानीत 'कोको' म्हणजे 'इथे'. तेच दोन्ही ओ लांबवून म्हटलं तर 'हायस्कूल'. तिच्या वहीत दोन्ही सारखेच दिसणार, आणि जसं दिसतं तसंच तोंडात बसणार. हिरागानात पहिला शब्द दोन अक्षरांचा, दुसरा चार.

म्हणून लिपी आत्ताच. हिरागानाची मूळ अक्षरं 46, काताकाना या दुसऱ्या लिपीची तितकीच. रोज पाच-सहा हाताने गिरवली तर महिन्याभरात दोन्ही होतात. काताकाना परदेशी शब्दांसाठी, तिचं नावही त्यातच लिहायचं. (नावात ल असेल तर त्याचा र होईल, वाईट वाटून घेऊ नये.)

तिसरी लिपी कांजी, म्हणजे चिनी वळणाची चिन्हं. तिचा बाऊ आत्ता नको. नेहमीच्या वापराच्या सरकारी यादीत 2136 आहेत, पण जपानी मुलंसुद्धा त्या शाळेची सगळी वर्षं शिकतात. फक्त सुटं चिन्ह घोकू नये, शब्दासकट शिकावं. डोंगराचं चिन्ह एकटं असलं की 'यामा', फुजीला जोडलं की 'सान'.

एक सांगून ठेवते. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा पुण्यात देता येते, पण त्यात बोलण्याची परीक्षाच नाही. उच्चार कच्चे राहिले तर ते थेट मुलाखतीत उघडे पडतात. तेव्हा रोज पाच मिनिटं मोठ्याने वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांगा.

आणि क्लासमध्ये जाऊन विचारा, दोन महिने झाले तरी हिरागाना का नाही? 'मुलांना देवनागरी सोपी जाते' असं उत्तर आलं, तर सरळ दुसरा क्लास बघा. उरलेली फी मागायला लाजू नका.