गादीच्या वासाने दम लागतो आणि दुकानदार म्हणतो, वापरलेली गादी परत घेत नाही

जुळे सोलापूरहून एका ताईंनी लिहिलंय, नाव देत नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रंग, फिनेल, अगरबत्ती, नवीन प्लास्टिक असल्या वासांनी त्यांचं डोकं धरतं, छाती भरून येते, काही वर्षांपासून इनहेलर जवळ असतो. पाठ दुखते म्हणून नवीन गादी घ्यायला शोरूमला गेल्या, दुकानदाराला हे सगळं सांगितलं, तो म्हणाला, "ताई ही नॅचरल लॅटेक्स, केमिकल फ्री, वास-बिस काय नाही, डोळे झाकून घ्या." २८,५०० रुपये यूपीआयने दिले. गादी घरी आली, प्लास्टिक काढलं आणि त्या रात्रीपासून त्रास चालू, चार दिवस खिडक्या उघड्या ठेवून बघितलं, मग डॉक्टरकडे गेल्या, आता हॉलमध्ये चटईवर झोपतात. कव्हरची चेन उघडली तर आत शिवलेल्या पट्टीवर पीयू फोम (म्हणजे पॉलियुरेथेन, कारखान्यात बनवलेला फोम) आणि रिबॉन्डेड फोम लिहिलेलं. दुकानदार म्हणतो कव्हर काढलं, झोपलात, आता परत नाही. बिल म्हणून एक चिठ्ठी आहे, "गादी १ नग २८,५००". गादी येऊन १९ दिवस झाले. काय करू?

ताई, सगळ्यात आधी तारीख बघा, कारण तुमच्याकडे वेळ कमी आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये कलम २(४७) आहे, अनुचित व्यापारी प्रथांचं. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं त्यात येतं, बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवसांत. तुमच्या चिठ्ठीवर मुदत नाही म्हणजे ३० दिवस. १९ झाले, पत्र माझ्याकडे येऊन मी लिहीपर्यंत अजून दोन गेले. म्हणजे या आठवड्यात तुमची मागणी लेखी जायलाच पाहिजे. ३० दिवस उलटले की केस संपते असं नाही हं, तक्रार करायला दोन वर्षं असतात, पण या कलमाचा मुद्दा हातात आहे तोवर वापरून घ्यायचा. आणि पक्कं बिल न देणं हीसुद्धा त्याच कलमात अनुचित प्रथा आहे, म्हणजे ती चिठ्ठी तुमची कमजोरी नाही, त्याची आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रात दोन पानं त्रासाबद्दल आहेत आणि दुकानात काय बोलणं झालं त्याच्या फक्त चार ओळी. त्रास खरा आहे, तो वाचून मला वाईट वाटलं, स्वतःच्या घरात स्वतःच्या पैशाने घेतलेल्या गादीवर झोपता येऊ नये हे फार वाईट. पण केस त्या चार ओळींवर उभी राहणार आहे.

का ते सांगतो. आपला माल विक्री कायदा १९३० चा, तो इंग्लंडच्या कायद्यावरून केलेला, म्हणून त्यांचे जुने निकाल आपल्याकडे अजून वाचले जातात. १९३९ सालचा एक आहे, ग्रिफिथ्स विरुद्ध पीटर कॉनवे. एका बाईंनी ट्वीडचा कोट घेतला, त्याने त्यांच्या त्वचेला त्रास झाला. कोर्टात निघालं की त्यांची त्वचा मुळातच फार नाजूक, साधारण माणसाला त्या कोटाने काही झालं नसतं आणि त्यांनी हे दुकानदाराला सांगितलंच नव्हतं. हरल्या. त्याच्या थोडं आधी, १९३५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश साम्राज्यातलं तेव्हाचं वरचं अपील कोर्ट) डॉक्टर ग्रँट यांची केस ठरवली, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे डॉक्टर, लोकरीची आतली चड्डी घातली आणि अंगभर त्वचारोग, कापडात बनवतानाचं सल्फाइट नावाचं रसायन जास्तीचं राहिलं होतं. ते दुकानदाराविरुद्धही जिंकले आणि कंपनीविरुद्धही, कारण तिथे दोष मालात होता, माणसाच्या त्वचेत नव्हता.

तुमचा दुकानदार वकील लावेल तेव्हा तो पहिल्या केसचाच मुद्दा घेऊन येणार. शंभर जणांना हीच गादी विकली, कोणाची तक्रार नाही, बाईंनाच ॲलर्जी, त्यात आमचा काय दोष. याला उत्तर दोन. एक, तुम्ही सांगितलं होतं. माल विक्री कायद्याचं कलम १६ म्हणतं की घेणाऱ्याने आपली विशिष्ट गरज विकणाऱ्याला कळवली आणि त्याच्या माहितीवर भरवसा ठेवून माल घेतला, तर तो माल त्या गरजेला योग्य असला पाहिजे. (तुम्ही स्वतः एखाद्या ब्रँडचं नाव घेऊन "तीच द्या" म्हणाला असता तर हा मुद्दा लंगडा झाला असता, कलमातच तसा अपवाद आहे. तुमच्या पत्रावरून तसं झालेलं दिसत नाही, पण आठवून बघा आणि खरं तेच सांगा.) दोन, आणि माझ्या मते हाच जास्त भक्कम, ती गादी लॅटेक्सची नाहीच. २०१९ च्या कायद्यात "दोष" या शब्दाच्या व्याख्येत विकणाऱ्याने कोणत्याही प्रकारे केलेला दावा येतो, म्हणजे त्याने जे सांगून विकलं तसं नसेल तर तो दोष. तोंडी सांगितलेलंही त्यात बसतं, फक्त सिद्ध करता आलं पाहिजे.

म्हणून तक्रार "वासाने आजारी पडले" अशी सुरू करू नका. "लॅटेक्स सांगून फोम दिला, आणि माझी तब्येत माहीत असताना दिला" अशी करा. फरक मोठा आहे. हवेत कुठली वाफ किती होती आणि त्यानेच दम लागला का, हे सिद्ध करायला तज्ज्ञ लागतात, पैसा लागतो, आणि केमिकल सेन्सिटिव्हिटी या प्रकाराबद्दल डॉक्टरांमध्येच अजून एकमत नाही. पण गादीत रबराचं लॅटेक्स आहे की पॉलियुरेथेन हे लॅबला सहज कळतं. ग्राहक आयोगाला वाटलं तर २०१९ च्या कायद्याच्या कलम ३८ खाली नमुना सील करून लॅबला पाठवता येतो, फी आधी तुम्हाला भरावी लागते, रिपोर्टला ४५ दिवस धरलेत.

आज दुपारी उजेड असताना एवढं करा. गादी खिडकीजवळ घ्या, मोबाईलवर व्हिडिओ चालू ठेवून कव्हरची चेन उघडा, व्हिडिओ मध्ये थांबवू नका, एका दमात दाखवा. आधी ती शिवलेली पट्टी, अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. मग बाजूने थर दाखवा. रिबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबलेला थर, त्यात बहुतेक वेळा निळे-पिवळे-गुलाबी ठिपके दिसतात, फरशीच्या चिप्ससारखे. लॅटेक्सच्या शीटला सहसा टाचणीने टोचल्यासारखी ओळीने भोकं असतात आणि बोटाने दाबलं की ते लगेच उसळून वर येतं. थरांच्या मध्ये गोंदाच्या रेघा असतील त्याही घ्या, पुष्कळदा वास तिथूनच येतो. हे काम घरच्या दुसऱ्या कुणाला करू द्या, पुराव्यासाठी पुन्हा आजारी पडायची गरज नाही.

आणि ती गादी टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका, कापून बघू नका, नणंदेला वापरायला देऊ नका. वरच्या खोलीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दार लावून. गादीच गेली तर पुढे तपासायला काय राहतं? मी अशी माणसं बघितलीत ज्यांनी वैतागून माल फेकून दिला आणि मग माझ्यासमोर रिकाम्या हाताने बसले.

बोलणं सिद्ध करायचं कसं, तर आजच दुकानदाराला व्हॉट्सॲप करा, रागाचा शब्द नको. असं लिहा: "दादा, अमुक तारखेला मी दुकानात आले तेव्हा मला वासाचा त्रास आहे, इनहेलर घेते असं सांगितलं होतं. तुम्ही ही गादी नॅचरल लॅटेक्स, केमिकल फ्री आहे म्हणालात म्हणून घेतली. आत पीयू फोम आणि रिबॉन्डेडची पट्टी आहे. गादी घेऊन जा आणि २८,५०० परत करा, पक्कं बिलही द्या." तो "वापरली म्हणून परत नाही" एवढंच म्हणाला आणि लॅटेक्सचं सांगितलंच नव्हतं असं म्हणाला नाही, तर ते उत्तर तुमच्या कामाचं आहे. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, कोर्टात प्रिंटसोबत नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट द्यावं लागू शकतं. दुकानात तुमच्याबरोबर कोण होतं? बहीण, शेजारीण, जी असेल तिचं शपथपत्र. दुकानातल्या पाटीचा, पॅम्फ्लेटचा फोटो असेल तर फारच छान, कारण "केमिकल फ्री", "नॅचरल" असले दावे पुराव्याशिवाय करायचे नाहीत म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वंच काढलीत.

डॉक्टरांकडून "हिला केमिकलची ॲलर्जी" असं मोघम लिहून घेऊ नका. तारखा लिहून घ्या, कधी आला त्रास, तपासणीत काय सापडलं, औषध किती वाढवावं लागलं, गादी बाजूला केल्यावर किती दिवसांत उतार पडला. आणि आधीचे जुने कागद, ज्यात इनहेलर लिहून दिलाय, ते जोडा, म्हणजे हा त्रास केससाठी नव्याने काढला असं कोणी म्हणणार नाही.

मेसेजला चार दिवसांत सरळ उत्तर नाही आलं तर १५ दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टाने, दुकानदाराला आणि पट्टीवर नाव असलेल्या कंपनीला, दोघांना. मधल्या वेळात १९१५ ला फोन करून तक्रार नोंदवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, पुष्कळ प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग, आपण अजून ग्राहक मंच म्हणतो तोच. दुकान कुठेही असलं तरी तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. वकील लागतोच असं नाही, ई-जागृती पोर्टलवरून स्वतः टाकता येते, आणि लिहायला मदत हवी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. कायद्यात तीन महिने लिहिलेत, लॅब तपासणी असेल तर पाच, प्रत्यक्षात जास्त लागतात, ते मनात धरून चला. मागणी करताना गादीचे पैसे, औषधांची बिलं, मनस्तापाचे आणि खर्चाचे थोडे, एवढंच मागा. कोणीतरी पाच लाख मागा म्हणेल, ऐकू नका, आकडा बघून आयोगाचा तुमच्यावरचा विश्वास कमी होतो. आणि मध्येच दुकानदार बदलून खरी लॅटेक्स देतो म्हणाला तर लगेच हो म्हणू नका, लॅटेक्सलाही स्वतःचा रबरी वास असतो, आधी तुकडा मागून उशाशी दोन-तीन रात्री ठेवून बघा.

शेवटी तुम्ही विचारलंय की मग आता झोपू कशावर. मी डॉक्टर नाही, पण आमच्या घरी मावशीला असाच त्रास होता म्हणून सांगतो. तिच्यासाठी साध्या कापसाची गादी भरून घेतली होती, लहानपणी पिंजारी दारात बसून तारेवर टंग टंग करत पिंजायचा तशी, फक्त आता गादीवाल्याकडे समोर उभं राहून. नवाच कापूस घालायला सांगा, जुना पिंजून घातला की धुरळा येतो आणि दमेकऱ्याला तोही वाईट. खोळीचं कापड आधी दोनदा धुऊन द्या, नव्या कापडाच्या फिनिशिंगलाही वास असतो, आपली चादरसुद्धा नवी आणल्यावर धुऊनच अंथरा. उन्हात टाका, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाचा तेवढा तरी उपयोग. फोम मात्र याच उन्हात जास्त वास सोडतो, म्हणून ती गादी गच्चीवर नको, सावलीच्या खोलीतच ठेवा. आणि पुढची गादी जिथून घ्याल तिथे बिलावर तीन शब्द लिहून घ्या, आत काय आहे ते, आणि त्याखाली एक ओळ, "ग्राहकाने वासाचा त्रास असल्याचे सांगितले आहे." लिहायला नाही म्हणाला तर दुकान बदला.

व्हॉट्सॲप पाठवलं की त्याचं उत्तर आणि पट्टीचा फोटो मला पाठवा, नोटिशीचा मसुदा मी करून देतो.