रेड कॉर्नर निघाली, मग माणूस येत का नाही?

एप्रिल 2025 च्या पहलगामच्या अतिरेकी हल्ल्यानंतर टपालात येणाऱ्या प्रश्नांचा सूरच बदलला. सातबारा आणि वाटणीपत्राचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. या वेळी परदेशांशी होणाऱ्या व्यवहाराबद्दल. मी परराष्ट्र खात्यातला नाही. बीडच्या कोर्टात सरकारी वकिली केलेला माणूस आहे, तेव्हा उत्तरात कागदपत्रं जास्त आली तर सांभाळून घ्या.

"टीव्हीवर सांगतात, अमक्याविरुद्ध रेड कॉर्नर नोटीस निघाली. पुढं वर्षानुवर्षं काहीच होत नाही. त्या देशाचे पोलीस त्याला उचलत का नाहीत?"
— स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, गेवराई

कारण ते नोटिशीनं बांधलेले नसतात. ही नोटीस काढणाऱ्या इंटरपोलचं, म्हणजे देशोदेशींच्या पोलिसांच्या संघटनेचं, मुख्यालय फ्रान्सच्या ल्याँ शहरात आहे, 196 देश सभासद आहेत, पण इंटरपोलचा फौजदार बेड्या घेऊन कुणाच्या दारात जात नाही. रेड नोटीस ही विनंती असते. हा माणूस आमच्या कोर्टाला हवाय, सापडला तर अडकवून ठेवा, पुढचे कागद आम्ही पाठवतो, एवढंच. तिला किती मान द्यायचा ते ज्याच्या त्याच्या कायद्यावर, आणि खरं सांगायचं तर मर्जीवर. ऑक्टोबर 2022 मध्ये इंटरपोलची महासभा दिल्लीत भरली होती. पत्रकारांनी पाकिस्तानच्या अधिकाऱ्याला दाऊद आणि लष्कर-ए-तोयबाचा म्होरक्या हाफिज सईद यांच्याबद्दल विचारलं, तर त्यांनी बोलायलाच नकार दिला. पाहुणा, सभासद, सगळं खरं. उत्तर मात्र नाही.

आता मर्जी जुळली की काय होतं त्याचं उदाहरण तुमच्याच गावचं आहे. मे 2006 मध्ये चांदवड-मनमाड रस्त्यावर एटीएसनं (दहशतवादविरोधी पथकानं) पाठलाग करून गाडी पकडली. 30 किलो आरडीएक्स, 10 एके-47, 3,200 काडतुसं. त्याच औरंगाबाद शस्त्रसाठा खटल्यातला, गेवराईचा जबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल पोलिसांच्या हातून निसटला. तिथून बांगलादेश, पाकिस्तान आणि शेवटी सौदी अरेबिया. जून 2012 मध्ये सौदीनं त्याला दिल्लीच्या विमानात बसवलं.

मधलं काम बघण्यासारखं आहे. त्याच्याजवळ दुसऱ्याच नावाचा पाकिस्तानी पासपोर्ट होता. म्हणजे सौदीच्या लेखी तो पाकिस्तानी. हा आमचा माणूस आहे हे आपण सिद्ध करायचं कशावरून? आमच्याकडच्या कागदांची अवस्था तुम्हाला माहीत आहे. शाळेच्या टीसीवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, मतदारयादीत तिसरंच, आणि जन्मतारीख विचाराल तर अर्धा तालुका 1 जूनला जन्मलेला. गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकलेली. असले कागद परक्या देशापुढं ठेवले तर ते हसतील. इथं कुटुंबीयांच्या डीएनए नमुन्यानं काम केलं. एका माणसापायी अख्ख्या गेवराईकडं वाकड्या नजरेनं बघणारे भेटले तर त्यांना हे जरूर सांगा: ओळख पटवणारा पुरावा गेवराईच्याच घरातून गेला.

आणखी एक. सौदीशी आपला प्रत्यार्पण करार, म्हणजे आरोपी एकमेकांच्या हवाली करण्याचा करार, 2010 मध्ये झालेला होता, तरी त्याला पाठवलं ते हद्दपार करून. हद्दपारीत त्या देशाचं सरकार 'आमच्याकडून चालता हो' म्हणतं आणि मोकळं होतं. प्रत्यार्पणात कोर्ट येतं, वकील येतात, अपिलं येतात. मुंबईच्या विशेष न्यायालयानं 2016 मध्ये त्याला शस्त्रसाठा खटल्यात जन्मठेप दिली.

"राणाला आणायला इतकी वर्षं का लागली? आणि हेडली का नाही आला?"
— किराणा दुकानदार, जिंतूर

हेडलीचं आधी, कारण ते थोडक्यात संपतं. 26/11 च्या मुंबई हल्ल्यासाठी टेहळणी करून गेलेला तो डेव्हिड हेडली. त्यानं 2010 मध्ये अमेरिकेत गुन्हे कबूल केले आणि बदल्यात लिहून घेतलं की मला फाशी होणार नाही आणि भारत, डेन्मार्क, पाकिस्तान यांच्या हवाली करणार नाही. 35 वर्षांची शिक्षा झाली. फेब्रुवारी 2016 मध्ये त्यानं मुंबईच्या कोर्टाला व्हिडिओ कॉन्फरन्सवरून साक्ष दिली. तिकडच्या सरकारी वकिलांना माहिती हवी होती, त्यांनी ती विकत घेतली आणि किंमतीत आपला हक्कही देऊन टाकला. मैत्री मैत्रीच्या जागी.

हेडलीचा मित्र तहव्वूर राणा, त्यानं असा सौदा केला नाही. 2011 मध्ये शिकागोच्या ज्युरीनं त्याला लष्कर-ए-तोयबाला मदत आणि डेन्मार्कमधल्या कटासाठी दोषी धरलं, पण मुंबई हल्ल्याला मदत केल्याच्या आरोपातून सोडलं. 2020 मध्ये भारताच्या मागणीवरून पुन्हा अटक झाली, तेव्हा त्याचा बचाव हाच: एकाच कृत्यासाठी दोनदा खटला कसा? आपल्या इथंही आरोपीचा वकील हेच म्हणेल आणि त्यात गैर काही नाही. अमेरिकेतल्या कोर्टांनी मात्र कृत्य बघितलं नाही, गुन्ह्याचे घटक बघितले. भारतात लावलेल्या कलमांखाली जे सिद्ध करावं लागतं ते शिकागोतल्या कलमांहून वेगळं आहे, म्हणून 1997 च्या भारत-अमेरिका प्रत्यार्पण करारातली दुसऱ्या खटल्याची मनाई लागू होत नाही. 2023 मध्ये खालचं कोर्ट, 2024 मध्ये अपील, जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालय, आणि 10 एप्रिल 2025 ला राणा दिल्लीत उतरला. उशीर झाला, पण कुणी टांग मारली म्हणून नाही. ज्या कलमांवर माणूस मागायचा, त्या कलमांचा आराखडा भक्कम होता म्हणून आपली मागणी टिकली.

आणलेल्या माणसाबरोबर अटीही येतात, हे लोक विसरतात. पोर्तुगालनं अबू सालेमला 2005 मध्ये दिलं ते आपल्या सरकारनं 2002 मध्ये लेखी हमी दिल्यावर: फाशी नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. सालेमचा हात असलेल्या मुंबईच्या 1993 च्या स्फोटांत 257 माणसं गेली, तेव्हा ही अट ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. माझंही फिरतं. तरी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारला ती हमी पाळायला सांगितली, आणि ते योग्यच झालं. एकदा शब्द मोडला तर पुढचा आरोपी युरोपातल्या कोर्टात तोच निकाल पुढं करून सुटेल.

"पहलगामनंतर भारताची बाजू मांडायला सर्वपक्षीय खासदार देशोदेशी फिरून आले. सुप्रिया सुळे, श्रीकांत शिंदेही होते. हाती काय लागलं?"
— शिक्षिका, सेलू

लगेच दाखवता येईल असं थोडंच. भारताच्या हल्ल्यात पाकिस्तानात मेलेल्यांबद्दल कोलंबियानं शोक व्यक्त केला होता, ते निवेदन खासदार शशी थरूर यांच्या गटाशी बोलणं झाल्यावर मागं घेतलं. बाकी फोटो आणि निवेदनं.

पण शिंदे यांचा गट लायबेरिया, काँगो, सिएरा लिओनला गेला म्हणून आमच्या कट्ट्यावर हसाहशी झाली, ती चुकीची होती. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची 1267 समिती दहशतवाद्यांची यादी करते. तिच्यात परिषदेचे पंधराही सदस्य असतात आणि निर्णय एकमतानं होतो. एकानं हात आडवा केला की नाव अडकलं. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहर याचं नाव 2009 पासून चीननं असंच अडवून धरलं होतं, पुलवामाच्या हल्ल्यानंतर 1 मे 2019 ला ते यादीत आलं. सिएरा लिओन तेव्हा परिषदेवर होताच. जून 2025 मध्ये लायबेरिया, काँगो, कोलंबिया, बहारीन, लाटव्हिया हे पाच देश 2026-27 साठी निवडून आले, आणि या पाचही ठिकाणी आपली शिष्टमंडळं जाऊन आली होती. योगायोग म्हणायचा तर म्हणा.

समोर पाकिस्तानही 2025-26 साठी परिषदेवर बसलाय. पहलगामचा निषेध करणाऱ्या परिषदेच्या निवेदनात टीआरएफ (द रेझिस्टन्स फ्रंट) या लष्कर-ए-तोयबाशी जोडलेल्या संघटनेचं नाव आलं नाही ते त्यामुळंच. अमेरिकेनं जुलै 2025 मध्ये टीआरएफला आपल्या दहशतवादी संघटनांच्या यादीत टाकलं. दहशतवादाची व्याख्या ठरवणारा सर्वंकष करार भारतानं 1996 मध्ये मांडला होता. तो अजून मसुद्यातच आहे, त्यावर वेगळा प्रश्न पाठवा.

"आमच्या गावात वाचनालयाची नोंदणीकृत संस्था आहे. पुतण्या ऑस्ट्रेलियात असतो, पन्नास हजार देतो म्हणतो. बँकवाले एफसीआरए विचारतात. आम्ही काय अतिरेकी आहोत का?"
— निवृत्त पोस्टमास्तर, अहमदपूर

नाही हो, एफसीआरए हा परदेशी देणग्यांबद्दलचा कायदा आहे. पण तुमच्या पन्नास हजारांची वाट पॅरिसवरून जाते. तिथं एफएटीएफ नावाची संस्था 1989 पासून आहे. काळा पैसा आणि दहशतवादाला जाणारा पैसा कोणता देश किती अडवतो याची ती तपासणी करते. तिच्या करड्या यादीत नाव आलं की देशाचं सिबिल बिघडल्यासारखं होतं, बाहेरच्या बँका दहा वेळा विचार करतात. पाकिस्तान जून 2018 ते ऑक्टोबर 2022 त्या यादीत होता, आणि हाफिज सईदला दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल 2020 मध्ये तिथल्याच कोर्टानं शिक्षा ठोठावली. आपल्या डझनभर निषेधपत्रांनी जे झालं नाही ते बँकेच्या भीतीनं झालं. भारताचाही अहवाल 2024 मध्ये आला. बरा आहे, पण खटले लवकर निकाली निघत नाहीत असा शेरा आहे, आणि तो मला तरी खोटा म्हणता येणार नाही.

सेवाभावी संस्थांचा वापर पैसा फिरवायला होऊ नये हेही त्या नियमांत येतं. आपला एफसीआरए कायदा त्याहून जुना आणि कडक आहे. तुमच्यापुरतं उत्तर असं: पुतण्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्या पासपोर्टची प्रत आणि देणगीचं पत्र घेऊन ठेवा, पावती द्या. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीसुद्धा, तो कायद्यानं परदेशी. मग गृहमंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. आधी त्याला फोन करून एवढंच विचारा, पासपोर्ट कुठला आहे.