कार्ड प्रेसमध्ये, भाव घरच्या प्रिंटरवर

प्रश्न : चिंचवडमध्ये मी पोळीभाजी केंद्र चालवते. मला व्हिजिटिंग कार्डं शंभरच हवी होती. प्रेसवाले म्हणाले, 'हजार घ्या, पैशात फारसा फरक नाही.' हे गळ्यात मारणं नाही का?

उत्तर : नाही हो ताई, खरंच तसं असतं. ऑफसेटला, म्हणजे प्लेटवरून छापणाऱ्या मोठ्या मशीनला, चार रंगांच्या चार प्लेट लागतात. त्या चढवायच्या, शाई जुळवायची, रंग एकावर एक नीट बसेपर्यंत कागद वाया घालवायचे. एवढं झाल्यावर मशीन शंभरावर थांबलं काय नि हजारावर थांबलं काय, वाढतो तो मुख्यतः कागद. शिवाय तुमचं कार्ड एकटं छापत नाहीत. मोठ्या शीटवर बऱ्याच गिऱ्हाइकांची कार्डं शेजारी-शेजारी बसवतात, म्हणून ते स्वस्त पडतं. (आणि म्हणूनच शेजारच्या लालभडक कार्डापायी तुमचा केशरी कधी कधी जरा तापतो.) जागा बदलायचा विचार असेल, तर मात्र डिजिटलवर, म्हणजे प्लेटशिवाय थेट फाइलवरून छापणाऱ्या मशीनवर, शंभरच काढा. एका कार्डाला दर जास्त बसेल, पण जुन्या पत्त्याची नऊशे कार्डं कपाटात राहणार नाहीत.

प्रश्न : देवगडला आमची आंब्याची बाग आहे. पेटीत टाकायला रंगीत पत्रकं लागतात. टाकीवाला कलर प्रिंटर घेऊन सगळं घरीच छापलं तर?

उत्तर : सगळं नको. शाईच्या बाटलीवर 'इतकी हजार पानं' लिहिलेलं असतं, ते पानाचा साधारण 5 टक्के भाग शाईने भरेल असं धरून. तुमच्या पत्रकावर पानभर पिवळाधमक हापूस असणार. तिथे तो हिशेब कोलमडतो. दुसरं म्हणजे, या प्रिंटरांपैकी पुष्कळांची रंगीत शाई पाण्याने सुटते. छापलेल्या कागदावरून ओलं बोट फिरवून बघा. पेटीतल्या गवताच्या ओलीने आंब्याचा पिवळा थेट भावावर उतरेल.

पण तुमची खरी अडचण वेगळी आहे. भाव दर आठवड्याला हलतो. मार्चमधला डझनाचा दर मे महिन्यात कोण देईल? म्हणून काम वाटून टाका. आंबा, बागेचं नाव, पिकवण्याच्या सूचना हे सगळं हंगामाआधी ऑफसेटवर छापून घ्या आणि भावाची चौकट कोरी ठेवा. मग लागतील तेवढीच पत्रकं घरी काढायची, साध्या काळ्या लेझर प्रिंटरवर, त्या चौकटीत भाव छापून. कलर प्रिंटर लागतच नाही.

कागद मात्र मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा, सांगा, 90 ते 100 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). प्रेसवाले सवयीने चकचकीत आर्ट पेपर सुचवतील. उद्या घाईत इंकजेटवर, म्हणजे पातळ शाईच्या प्रिंटरवर, भाव छापायची वेळ आली, तर त्या कागदात शाई मुरत नाही, अंगठा लागला की फासते. आणि प्रेसमधून आणलेला गठ्ठा त्याच दिवशी लेझरमध्ये घालू नका. आतला रोलर गरम असतो, ओली शाई त्याला चिकटते आणि पुढच्या पानांवर डाग पडत जातात. दोन-तीन दिवस वाळू द्या.

प्रश्न : नाशिकला माझे क्लासेस आहेत. मोबाइलवर मजकूर नीट दिसत होता, पण छापून आलेल्या दोन हजार हँडबिलांवर जोडाक्षरं फुटली. चूक कोणाची?

उत्तर : अर्धी तुमची. तुम्ही मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला असणार, म्हणजे युनिकोडमध्ये, मोबाइलच्या नेहमीच्या लिपीपद्धतीत. पुष्कळ प्रेसमध्ये अजून कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये काम चालतं. रूपांतर करताना रफार आणि 'ऱ्य' यांची हमखास वाट लागते. माझ्याच हातून एकदा 'तिसऱ्या शाखेचा शुभारंभ'मधला 'तिसऱ्या' हा 'तिसर्या' होऊन पाच हजार पत्रकांवर गेला. गिऱ्हाइकाने पैसे कापले, आणि बरोबर कापले.

पुढच्या वेळी पीडीएफ करून द्या आणि अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फाँट लागणार नाही अशी आकारांत बदललेली, आहेत ना, ते विचारा. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मोबाइलच्या पडद्यावर 'ओके' करू नका, कागदावर मागा. खालच्या ओळीपासून वर वाचत या, म्हणजे डोळा अर्थाबरोबर पळत नाही. फोन नंबर वाचू नका, प्रूफवर बघून दुसऱ्याच्या फोनवर एकेक आकडा दाबा आणि फोन लावा. घंटी तुमच्या खिशात वाजली तरच सही करा.

प्रश्न : मी सांगलीत इलेक्ट्रिशियन आहे. ए4 कागदावर दहा कार्डं बसतात, मग घरीच छापून कापली तर चालतील का?

उत्तर : बसतात दहा, पण 300 जीएसएमचा जाड कागद घरचे बरेच प्रिंटर ओढतच नाहीत, आणि कात्रीने कापलेली कड लपत नाही. बाहेरच छापा. फक्त एक सांगा, लॅमिनेशन पुढच्याच बाजूला करायचं. मागची बाजू कोरी आणि साधी ठेवली, की त्यावर बॉलपेन चालतं. फॅनचा कंडेन्सर बदलल्याची तारीख तिथे लिहा आणि कार्ड मीटरच्या पेटीत खोचून या.