‘ती गेली तेव्हा’ या गाण्यातली ‘ती’ प्रेयसी आहे का? बदली होऊन चाललेल्या मॅडमच्या निरोप समारंभात म्हटलं तर चालेल का?

प्रेयसी नाही, आई. पुढच्याच कडव्यात ‘ती आई होती म्हणुनी’ असं स्वच्छ लिहिलंय. तरी दर पावसाळ्यात ब्रेकअप झालेलं कोणीतरी हे स्टेटसला लावतंच.

आमच्या मोठ्या मामांनी तर ते लग्नात म्हणायला लावलं. वर्धा रोडवरचं लॉन, मामेबहिणीची बिदाई, त्यात अवकाळी भुरभुर. मामा ऑर्केस्ट्रावाल्याला म्हणाले, पोरगी चालली, पाऊसही आहे, हेच लाव. गायक हुशार! आईचं कडवं गाळून मुखड्यावरून त्यानं थेट ‘अंगणात’च्या कडव्यावर उडी मारली. मी स्टेजवर चढून माइक बंद करायला लावला. मामा सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, “तू काहून शानपट्टी करून राहिला बे? गाणं आहे, पोथी नाही.” दोन वर्षं झाली, बोलणं बंद आहे.

नागपूरच्या माणसानं तरी असं करू नये. या गाण्याचे कवी ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे, इथलेच. मॉरिस कॉलेजात मराठी शिकवायचे. लोक दुर्बोध दुर्बोध म्हणत राहिले, २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०१२ च्या मार्चमध्ये ते गेले. गाणं ‘निवडुंग’ सिनेमातलं, १९८९ चं. चाल आणि आवाज दोन्ही हृदयनाथ मंगेशकरांचं.

गाण्यातल्या पाऊस आणि सूर्याचं सगळेच सांगतात. मी खिडकीतल्या धुरकट कंदिलाचं सांगतो. आमच्याकडे काटोलला दिवेलागणीआधी आई कंदिलाची काच पुसायची. चिमूटभर राख, जुन्या धोतराचं फडकं, आणि हात बारीक लागतो, नाहीतर काच हातात फुटते. मी नववीत होतो तेव्हा ती वारली. नंतर कितीतरी दिवस काच पुसायचं कोणाला सुचलंच नाही. वात पेटायची, पण अर्धा उजेड काजळीतच अडकायचा. समीक्षक त्या कंदिलाला एकाकीपणाचं प्रतीक म्हणतात, म्हणोत बापडे. ज्या घरातली काच पुसणारी गेली, त्या घरातला तो कंदील आहे. आमची काच शेवटी तेरवीच्या दिवशी पुसली ती मामांनी. आई त्यांची सख्खी धाकटी बहीण. ओसरीत बसून, एक शब्द न बोलता त्यांनी ती पुसली. म्हणून तर लॉनवर एवढा राग आला. दुसऱ्या कोणी फर्माईश केली असती तर मी जेवायला निघून गेलो असतो.

आता एक कबूल करतो. ‘गेली’ म्हणजे वारली की घर सोडून गेली, हे कवितेत कुठेच नाही. मराठीत दोन्हीला ‘गेली’च म्हणतात. शिवाय कवितेच्या शेवटी द्रौपदीच्या वस्त्रातला कृष्ण येतो, तो साध्या मातृशोकात बसत नाही. तेव्हा मरणाचा अर्थ माझ्या घरचा असेल. आईचा मात्र ग्रेसांचाच आहे. आणि माइक बंद करायला नको होता, हेही खरं.

निरोप समारंभात म्हणू नका. मॅडम बदलून चालल्यात, गेल्या नाहीत. म्हणायचंच असेल तर आईचं कडवं गाळू नका, आणि समोर सत्तरीचे, पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ दिसले तर ते कडवं दोनदा म्हणा.